मधल्याचे डोळे

"काच वर घे आधी. आणि हॉर्न वाजवायचा नाही," मागच्या सीटवरून हे म्हणाले.

"बाबा, गाडी मी चालवतोय," आमचा मुलगा म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय."

अभयारण्यातल्या अरुंद रस्त्यावर एक गवा आडवा उभा होता. सूनबाई पुढच्या सीटवर अंग चोरून बसली होती. मी देवाचं नाव घेत होते. हे मात्र घरच्या खुर्चीत बसल्यासारखे निवांत. "त्याचं त्याला ठरवू दे. कान हलवायला लागला की निघेल बघ." थोड्या वेळाने गव्याने कान हलवले आणि तो खरंच झाडीत निघून गेला. मुलाने आरशातून बापाकडे पाहिलं. लहानपणी पाहायचा ना, तसं.

यांनी उभी हयात पर्यटकांची बस चालवली. गेल्याच महिन्यात रिटायर झाले. सकाळी माणसं भरायची, वाटेत हे अभयारण्य दाखवायचं, दुपारी डोंगरात कोरलेले ते प्रसिद्ध तीन चेहरे, रात्री परत. आणि उभी हयात मी घरी. "पुढच्या सीझनला तुला नक्की नेतो," हे ऐकून ऐकून माझे कान किटले. बसमध्ये घरच्यांना बसवायची परवानगी नव्हती, कबूल. पण माणसाने मनात आणलं तर काय होत नाही? जग पाहायचं यांनी आणि भांडी घासायची मी, असा माझा राग होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

तरी ते दिवस आठवले की बरं वाटतं. रात्री हे हातपाय धुऊन जेवायला बसले की मुलं दोन्ही बाजूंनी चिकटायची. "बाबा, चेहरे करा ना." मग हे पहिला करायचे, कपाळाला आठ्या घातलेला. तिसरा गालातल्या गालात हसणारा. "आणि मधला?" मुलगी विचारायची. "मधल्याचे डोळे मिटलेले. झोपलाय की विचार करतोय, कुणालाच कळत नाही." की लगेच आमचा मुलगा घास हातात तसाच धरून डोळे मिटायचा आणि मधला व्हायचा. "अरे, जेव आधी," मी ओरडायचे. पण हसू मलाही यायचं. न पाहिलेला तो डोंगर मला आमच्या घरातल्यासारखा ओळखीचा झाला होता.

घाट चढताना यांनी मुलाला प्रत्येक वळण आधीच सांगितलं. गाडीतळावर उतरल्यावर सवयीने चाकांना लाथ मारून पाहिली आणि गाडीला टेकून उभे राहिले.

"चला की," मी म्हटलं.

"हो, चला," हे दचकून म्हणाले.

पायऱ्या चढून वर आलो तर वाटेला दोन फाटे. पाटी होती, पण तिच्यापुढे एक घोळका फोटो काढत उभा होता. "बाबा, कुठून?" मुलाने विचारलं. हे क्षणभर थांबले आणि ठामपणे उजवीकडे वळले. आम्ही मागोमाग. कँटीनच्या मागे पाण्याच्या टाक्या होत्या, कचऱ्याचे डबे होते, आणि पुढे भिंत.

"पूर्वी वाट होती इथून," हे म्हणाले.

"कमाल आहे, बाबा. आयुष्य काढलंत इथे आणि वाट चुकलात?"

मी यांच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतका संसार केल्यावर नवऱ्याचं खोटं बायकोला पाठमोरंही ओळखू येतं.

"मीच म्हटलं त्यांना, मला बाथरूमला जायचंय," मी म्हणाले. "आता सगळं तुला सांगून करायचं का?"

मला उगाच बाथरूमला जाऊन यावं लागलं.

मग डावीकडची वाट धरली, आणि कठड्याशी येऊन पोचलो. समोर तिघंही होते. उन्हात, एवढे थोरले की मान मागे टाकावी लागली. पहिला रागीट, तिसरा हसरा. मधला टक्क डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत होता.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मधल्याचे डोळे तर उघडे आहेत."

हे कठडा धरून नुसते बघत होते.

"सावली पडली की मिटलेले दिसतात," मी म्हटलं. "आल्या आल्या शहाणा झालास का?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "चल, आपण गाडी वरच्या फाटकाशी आणू. आईंचे गुडघे दुखतील उतरताना," असं म्हणून ती नवऱ्याला घेऊन गेली. समजूतदार पोर आहे.

"अहो, एकदाही नाही?"

यांनी मान हलवली. "बस सोडून जाता यायचं नाही. सगळ्यांचं सामान आत. कुणी दमून अर्ध्यातून परत यायचं, कुणाला उलटी व्हायची. गाडीतळावरून तर डोंगराची पाठच दिसते."

"आणि ते मिटलेले डोळे?"

"बसमध्ये एक बाई कुणाला तरी सांगत होत्या. मला आवडलं ते. मुलं रोज विचारायची गं. त्यांना काय सांगू, गाडीतळ?"

"मला तरी सांगायचंत."

"तुला वाटायचं, दोघांपैकी एकाने तरी पाहिलंय. ते कशाला मोडायचं?"

मला राग यायला हवा होता. आयुष्यभर मी या माणसाचा हेवा केला, भांडले, अबोला धरला. आणि आम्ही दोघांनी हा डोंगर अगदी सारखाच पाहिला होता. मला भरून आलं. मी पदराने डोळे पुसले. यांना वाटलं ऊन लागतंय, म्हणून माझ्या बाजूला सरकून सावली करून उभे राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, या ना लवकर. फाटकाशी गाडी उभी करू देत नाहीत."

यांनी लगेच कठड्यावरचा हात काढला. "चल, चल. ड्रायव्हर खोळंबलाय."

"खोळंबू दे," मी म्हटलं आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा डोंगराकडे वळले आणि पहिल्या चेहऱ्यापासून सावकाश पाहायला लागले.