नळाला बांधलेलं फडकं

…आणि त्या फडक्याचा मूळ रंग आता ओळखू येत नव्हता. फिका निळा असावा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा – जयमाला घरात नेसायची त्या सुती साडीचा तुकडा, नळाच्या तोंडाला बांधलेला – पण टोकाकडं तो गंजासारखा तांबूस झाला होता, मध्ये मातकट, आणि गाठीपाशी तेवढा जेमतेम निळा उरला होता. रोहिदास अंगणातल्या नळापुढं उकिडवा बसून त्या गाठीकडं बघत होता. खाली हंडा, आणि हंड्यात पडणारी धार करंगळीएवढी. पाणी दिवसाआड यायचं. आज यायचा दिवस होता. आधी नुसती हवा आली, मग गटाराचा वास, मग लालसर पाणी. ते त्यानं मोरीत सोडून दिलं. आता येत होतं ते बरं होतं. म्हणजे वापरायला बरं. प्यायला तो दुकानातून जार आणायचा.

फडकं आठवड्याला बदलायचं असतं, नाहीतर त्यात गाळ साचून धार बारीक होते, हे त्याला कळत होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ही गाठ त्याच्या बायकोनं, जयमालानं मारलेली होती. ती गेली त्याच्या आदल्या पाण्याच्या दिवशी, भर उन्हाळ्यात – आणि आता लोक स्वेटर घालून सकाळचे फिरायला निघत होते. घरातलं बाकीचं सगळं कुणी ना कुणी हलवलं होतं. साड्या बहिणीनं घड्या घालून वरच्या फळीवर ठेवल्या, औषधं पुनावळ्याला दिलेल्या लेकीनं टाकून दिली, डबे पोळ्या करायला येणाऱ्या बाईनं आपल्या सोयीनं लावले. गाठ तेवढी राहिली. ओली राहून राहून ती दगडासारखी दिसायला लागली होती. हिला सोडवायचं म्हटलं तर कात्रीच लागेल, असं त्याला वाटायचं, आणि कात्री म्हटलं की तो उठून आत जायचा. मी नाही कापणार… दुसऱ्या कुणाला कापू देणार नाही.

हंडा निम्मासुद्धा भरला नव्हता. पूर्वी या वेळेला दारात मागच्या गल्लीतल्या बायांची रांग असायची. मागची गल्ली म्हणजे जुन्या पाइपलाइनचं शेवटचं टोक. पुढच्या घरांनी मोटारी लावल्या की तिकडं नळाला नुसती हवा. म्हणून जयमाला फाटक उघडं टाकायची. ती गेल्यावर बाया यायच्या थांबल्या. सुतक संपलं, महिने गेले, तरी आल्या नाहीत. बाईमाणूस नसलेल्या घरात कशाला, म्हणून येत नसतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

काल संध्याकाळी पुतण्या आला होता. अजिंक्य. प्रभागातली कुठलीही धावपळ त्याच्याशिवाय व्हायची नाही, पोरगा मनानं वाईट नव्हता. तो सांगत होता की उद्या शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे, लोकांनी सुचवलेल्या कामांतलं पहिलं कोणतं धरायचं ते ठरणार आहे, पैसे एकाच कामाला पुरतील. यादीत वरती दोन कामं होती. एक मागच्या गल्लीची पाइपलाइन बदलायची, दुसरं म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा केंद्र. मग त्यानं खुर्ची जवळ ओढली होती.

"तात्या, केंद्राला काकीचं नाव द्यायचं. मी बोलून ठेवलंय सगळ्यांशी. ग्रॅनाइटचा फलक, सोनेरी अक्षरं. तुम्ही फक्त पुढच्या रांगेत बसा आणि हात वर करा, बाकी मी बघतो."

रात्री रोहिदासला ती अक्षरं दिसत राहिली होती. तिचं नाव होतं कुठं? घर त्याच्या नावावर. लाइटबिल अजून वडिलांच्या नावानं यायचं. ती आधी सूनबाई होती, मग वहिनी, मग काकी, आणि तो – तो तिला 'अगं' म्हणायचा, तेवढ्यावर संसार झाला. तिचं नाव मोठ्या अक्षरांत त्यानं पहिल्यांदा वाचलं ते चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर. तो फ्लेक्स वाऱ्यानं फाटला, पुढं शफीच्या गॅरेजच्या फुटक्या पत्र्यावर गेला. शफीनं विचारून नेला होता, अक्षरं आतल्या बाजूला केली होती, त्याची काही चूक नव्हती. ग्रॅनाइट फाटत नाही. तिथं रोज म्हातारी माणसं येतील, कॅरम खेळतील, आणि जाता-येता वाचतील… जयमाला. एवढं तरी मागितलं तर काय बिघडलं?

हंडा तसाच ठेवून त्यानं अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. शर्टाला इस्त्री त्यानंच केली होती, कॉलर जमली नव्हती.

शाळेच्या रस्त्याला बस थांब्यावर नेहमीचे तिघे-चौघे बसले होते. बस धरायची नव्हती त्यांना; घरात सुना-नातवंडांच्या गर्दीत पाय पसरायला जागा नाही म्हणून दिवसभर ते थांब्यावर बसायचे आणि बस आली की उठून लोकांना वाट द्यायचे. त्यांतला जयसिंग, त्याच्याच कंपनीत शेजारच्या मशीनवर होता तो, म्हणाला, "चला, तात्या निघालं. आता आमाला बी बसाय जागा हुनार." रोहिदास हसला. यांनाही जागा पाहिजेच होती, ते काही खोटं नव्हतं. म्हणूनच सगळं अवघड होतं. केंद्र वाईट असतं तर किती बरं झालं असतं…

हॉलमध्ये तो पुढच्या रांगेत बसला. पाणीखात्यातल्या तरुण इंजिनिअर आल्या होत्या, स्नेहल मॅडम म्हणत होते सगळे. त्यांनी पाइपलाइनचा एक कापलेला तुकडा टेबलावर ठेवला होता. कुठल्याशा दुरुस्तीत निघालेला. आत गंजाचे पापुद्रे धरून मधलं भोक बांगडीएवढं उरलं होतं. ही लाइन गटाराला लागून जाते, पाणी बंद असतं तेव्हा फटीतून घाण आत ओढली जाते, असं त्या सांगत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं की अजून कुणी दगावलं तर नाही ना. मॅडम म्हणाल्या, नाही, आणि तोवर थांबायचं नाही म्हणून तर आलेय.

रोहिदास त्या तुकड्याकडं बघत राहिला. जयमाला पाण्यानं गेली नव्हती. हृदय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सुरुवातीला त्याला वाटायचं, कशानं तरी गेली असती – पाण्यानं, औषधानं, कुणाच्या तरी चुकीनं – म्हणजे कुणाच्या तरी अंगावर जाता आलं असतं. तसं काही निघालं नाही. ती फक्त इतकी वर्षं या असल्या नळाला फडकं बांधत राहिली होती… आणि त्याच्या ताटाजवळ नेहमी स्वच्छ पाण्याचा तांब्या. तो कंपनीतून यायचा, तांब्या उचलायचा, प्यायचा. ते पाणी कसं स्वच्छ झालं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

अजिंक्य केंद्राबद्दल चांगलं बोलला. नाव सांगताना मात्र म्हणाला, "आमच्या काकींच्या स्मरणार्थ." टाळ्या झाल्या. मग बायकांच्या बाजूनं खातूनबी उठली. मागच्या गल्लीत शेवटचं घर तिचं, शफीची आई. पदर डोक्यावर सारखा करत म्हणाली, "बसायला जागा पायजेच, बाबा. मी काय तरणी हाय का? पण तिथं बसून आमी पिनार काय, ते बी सांगा."

हॉल हसला. जयसिंगसुद्धा. खातूनबी हसली नाही.

"जयमाला होती तवा आमचं भागत होतं. जयमाला म्हणायची, खातून, आधी तुझा हंडा, माझं काय, माझा नळ हितंच हाय. आता तिच्याच नळाला धार न्हाई ऱ्हायली. रोहिदासभाऊंचा हंडा भरत न्हाई, तिथं आपला कुठं लावायचा, म्हणून आमी येत न्हाई."

…म्हणजे बाईमाणूस नाही म्हणून नव्हे. धार नाही म्हणून. त्या बाया फाटकापर्यंत येत असणार, करंगळीएवढी धार बघत असणार, आणि काही न बोलता रिकामे हंडे घेऊन परत जात असणार. आणि तो आत, गाठीला कुणी हात लावू नये म्हणून राखण करत बसलेला. त्याला लाज वाटायला हवी होती; वाटलीही; पण त्याहून जास्त कानात काहीतरी वेगळंच राहिलं. जयमाला. खातूनबीनं किती सहज म्हटलं होतं ते. जणू ती आत्ता दळण घेऊन येईल. म्हणजे त्या रांगेत रोज तिला कुणीतरी नावानं हाक मारत होतं, आणि त्याला हे माहीतच नव्हतं…

मॅडमनी आधी केंद्रासाठी हात वर करायला सांगितले. बरेच झाले. अजिंक्यनं वळून त्याच्याकडं बघितलं. रोहिदासचे दोन्ही हात मांडीवर होते. एक हात जरा हललाही. तिचं नाव, दगडावर… त्यानं तो दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

मग पाइपलाइनसाठी. त्याचा हात वर गेला तेव्हा हॉलमध्ये कुजबूज झाली. जयसिंग मागून वाकून कानाशी म्हणाला, "तात्या, पाइपावर नाव न्हाई लिहीत कुनी. मातीत जातंय ते."

"म्हाईत हाय," रोहिदास म्हणाला.

मागं खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. किती हात वर गेले ते त्यानं बघितलं नाही. आपला खाली येऊ नये एवढ्यातच तो गुंतला होता. मॅडम म्हणाल्या, दोन्हीकडं जवळजवळ सारखेच आहेत, मी दोन्ही वर पाठवते, शेवटचं तिकडंच ठरेल. बाहेर अजिंक्य गाडीला किक मारत होता. तो तोडून काहीतरी बोलेल असं वाटलं, पण नुसतं म्हणाला, "काकीसाठी करत होतो, तात्या." रोहिदासनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिच्यासाठीच केलंस रं. मी बी." पोरगा समजला की नाही कोण जाणे, पण जाताना हेल्मेट घालून गेला, जे त्याची काकी रोज ओरडून घालायला लावायची.

घरी आला तेव्हा पाणी कधीच गेलं होतं. दुपारच्या उन्हात फडकं वाळून कडक झालं होतं. तो नळापुढं बसला. कात्री आणायला उठावं की काय… तसाच बसला आणि पहिल्यांदाच गाठीला बोट लावलं. चाचपताना खालच्या अंगाला एक आखूड टोक हाताला लागलं, मुद्दाम बाहेर सोडल्यासारखं. त्यानं ते धरलं, ओढलं. गाठ जरा अडली, आणि सुटली. सगळी. फडकं त्याच्या तळहातावर आलं.

सुटायला म्हणूनच मारली होती तिनं. दर आठवड्याला सोडायची, धुवायची, परत बांधायची असलेली गाठ ती कशाला पक्की मारेल? इतके महिने तो जिला दगड समजून राखत बसला, ती सोडणं एका बोटाचं काम होतं. त्याला हसू आलं. अगं… असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि थांबला.

पाइपलाइन होईल तेव्हा होईल. कदाचित या वर्षी, कदाचित नाही. परवा पाणी येणार होतं, आणि फाटक उघडं ठेवायचं तर नळाला नवं फडकं लागणार होतं. वरच्या फळीवरून त्यानं एक मऊ झालेली साडी काढली, तिचा काठ सोडून एक तुकडा फाडला. नळापाशी बसून तो गाठ मारायला लागला. पहिली पक्की बसली. उकलायला नखं लागली. दुसरी नुसतीच गळून पडली. टोक कुठून बाहेर काढायचं… वरून की आतून… तो तिचे हात आठवायचा प्रयत्न करत होता, पण बांधताना ते त्यानं कधी बघितलेच नव्हते, म्हणून आता आपल्याच बोटांना विचारावं लागत होतं. ऊन भिंतीवरून सरकत होतं. कुठलीच घाई नव्हती.

"जयमाला," तो हळूच म्हणाला, सवय करून बघावी तसं, आणि पुन्हा टोक हातात घेतलं.