दहापैकी तीन

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला सढळ हाताने मार्क दिले नव्हते. त्यांच्याकडून दहापैकी सहा मिळाले, तरी पोरं वर्षभर मिरवायची. आता कॅन्सर हाडांत पसरला होता आणि ते या वॉर्डात येऊन पडले होते. इथे आजार बरा करायचा नव्हता, नुसतं दुखणं कमी करायचं होतं. आणि नेमकं तेच जमत नव्हतं.

सिस्टर येता-जाता विचारायची, "बाबा, दुखणं दहापैकी किती?"

"तीन," मास्तर दात आवळून सांगायचे.

तीन म्हणजे किरकोळ. औषध होतं तेवढंच राहायचं. पण मुलीला सगळं दिसत होतं. मुठीत धरलेली चादर, कपाळावरचा घाम, जेवणाचं नाव काढलं की भिंतीकडे वळणारी मान. वडील जाणार, हे तिने कसंबसं गिळलं होतं. असे तळमळत जाणार, हे मात्र तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आज डॉक्टरबाईंसमोरही तीनच. मुलगी वैतागली.

"बाबा, मग दहा म्हणजे केवढं?"

"दहा?" मास्तरांना प्रश्नच बावळट वाटला. "दहा कुणी देतं का? कितीही झालं तरी हातचे राखूनच द्यायचे असतात."

मुलीने कपाळावर हात मारला. "डॉक्टर, अहो, हे दुखण्याचा पेपर तपासतायत!"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मार्कांचा विषयच सोडला. "कूस बदलता येते का, बाबा? झोप लागते?"

"श्वास घेतला तरी जीव जातो हो," मास्तर हळूच म्हणाले.

मॉर्फिन वाढवायचं ठरलं.

"झोपेतून उठतील ना?" मुलीने दबकत विचारलं.

"उठतील. बेताबेतानेच वाढवतोय, आणि लक्ष आहे आमचं."

दुपारी मास्तरांची मूठ सुटली. मग ते असे काही घोरायला लागले, की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी उशी कानावर ओढून घेतली. मुलीला ते घोरणं ऐकून रडूच फुटलं. जीव भांड्यात पडला बिचारीचा.

संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि कितीतरी दिवसांनी मुलीकडे नीट पाहिलं.

"अगं, तू कधी आलीस?"

आठवडाभर ती तिथेच उशाशी बसून होती.

"आत्ताच, बाबा."

"मग बस की जरा. कशी आहेस, सांग."