मिशीवर लागलेले रणगाडे

"जर्मन रणगाडाच जिंकणार! त्याचं चिलखत माझ्या घराच्या भिंतीएवढं जाड. अमेरिकन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा!" ओनेजिम म्हणाला.

"मग लाव मिशी पैजेला," शेजारचा गाडीवान फुल्जाँस हसला.

तीस वर्षांची मिशी! ओनेजिमनं ती कुरवाळली. "लावली!"

दुसरं महायुद्ध चालू होतं आणि फ्रान्सच्या नॉर्मंडीत लढाई त्यांच्या दारापर्यंत आली होती. सकाळी दोघं खिडकीच्या फटीला डोळे लावून बसले. धुक्यात गायीसुद्धा तरंगल्यासारख्या दिसत होत्या. त्यातूनच जर्मन रणगाडा डुलत बोळात शिरला. अमेरिकन गोळा त्याच्या कपाळावर आपटून चेंडूसारखा उडाला.

"बघ लेका!"

"थांब गड्या. आपल्या बोळात लांब दांड्याची गाडी कधी वळलीय का?"

तेवढ्यात मागून दुसरा अमेरिकन रणगाडा आला. जर्मन तोफ वळायला गेली आणि तिची लांबलचक नळी कुंपणाच्या झाडांत अडकली. आखूड नळीच्या अमेरिकनानं मागून एकच गोळा हाणला. धूर निघाला, आणि जर्मन पोरं झोपेतून उठल्यासारखी हात वर करून उतरली.

रविवारी चर्चसमोर फुल्जाँसनं वस्तरा काढला. अख्खं गाव जमलं होतं.

"हलू नकोस रे, ओठ जाईल!"

ओनेजिमनं डोळे मिटले. तीस वर्षांनी ओठावर वारा लागला, थंडगार, ओल्या गवताच्या वासाचा.