शाडूचा ठसा आणि मोबाइलमधली साखळी

मी एक जुना सागवानी ठसा आहे. पेणच्या गोपाळदादांच्या गणपतींच्या कारखान्यात राहतो. शाडूची मूर्ती ओली असतानाच तिच्या बैठकीखाली मला दाबतात. प्लास्टरच्या मूर्तीला मी कधी लागत नाही. माझी खूण म्हणजे शाडू, हे पार रोह्यापर्यंत ठाऊक होतं.

यंदा दादांच्या लेकीनं, अंतरानं, ब्लॉकचेन आणली. सगळे तिला साखळी म्हणू लागले. मूर्तीची नोंद म्हणे एकाच वेळी अनेक संगणकांवर होते आणि एकदा झाली की कुणालाच खोडता येत नाही. स्टिकरसमोर मोबाइल धरला की मूर्ती कशाची ते लगेच कळतं! जो तो तिचंच कौतुक करी आणि माझा जळफळाट होई. ना रूप, ना वजन, पण तोरा केवढा! नव्याचे नऊ दिवस, असं मनाला समजावलं, तरी पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं.

पण देवाच्या अंगाला स्टिकर लावायला दादांचं मन धजेना. आमच्याकडे गिऱ्हाईक आपला पाट आधीच आणून ठेवतं. दादांनी स्टिकर पाटांना चिकटवले. घाईत मूर्तींची अदलाबदल झाली आणि पाटावर जी दिसली तिचाच फोटो अंतरानं नोंदीत टाकला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी रोह्याचे अंबरीश गुरुजी आले. त्यांच्या पाटावरच्या स्टिकरसमोर धरताच मोबाइलनं ‘शाडू’ सांगितलं. दादांनी मूर्ती उचलली आणि ते थबकले.

"हलकी लागते गो अंतरा. ही प्लास्टरची हाय."

"बाबा, नोंद आता खोडता नाय येणार!" अंतरा रडकुंडीला आली.

"आमच्या आळीतली सगळी तुमच्या नावावर मूर्ती नेतात," गुरुजी म्हणाले. "त्यांना काय सांगू?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दादांचा चेहरा मात्र उतरला. एकेक मूर्ती हळूच कलती करून ते माझी खूण शोधू लागले. गुरुजींची शाडूची मूर्ती भलत्याच पाटावर सापडली. आता साखळीची हकालपट्टी होणार, असं मला वाटलं.

"खाली दुसरी नोंद कर," दादा लेकीला म्हणाले. "आमची चूक झाली म्हणून लिही. दोन्ही दिसू देत."

गुरुजींनी ती वाचली. "आता आळीत सांगायला तोंड हाय," म्हणत ते मूर्ती घेऊन गेले. म्हणजे शेवटी कौतुक साखळीचंच!

मित्रांनो, खोडता येत नाही ते सगळं खरंच असतं, असं नाही. लिहिण्याआधी मूर्ती हातात घेऊन बघत जा. आणि घेतलीतच, तर जरा कलती करून खालीही बघा. तिथं मी असतो.