पाच रेघांचा माणूस

कापडाच्या दुकानांत उभे करतात ते पुतळे घडवणाऱ्या कारखान्यात उस्तादांचा शब्द शेवटचा होता. उस्ताद ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती. ती त्यांनी स्वतःच घेतली होती, आणि काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या पुतळ्याच्या पोटरीवर शीर न् शीर दिसायची. पुढे तिच्यावर विजार चढायची, पण हे त्यांना सांगणार कोण?

शेवटी मालकानेच तोंड उघडलं. "उस्ताद, तुमचे पुतळे हजेरीला उभे केल्यासारखे दिसतात, म्हणतात गिऱ्हाईकं. आता टेकलेले, वळून बघणारे हवेत. सगळ्यांनी चित्र काढायला शिकायचं. ज्याचं चित्र पसंत पडेल तो यापुढे नमुने ठरवणार."

म्हणजे आजवर उस्ताद ठरवत होते ते आता कुणी सोम्यागोम्या ठरवणार.

शिकवायला एक बाई आल्या. डोक्याच्या जागी अंडं, छातीच्या जागी बटाटा, कण्याची एक वाकडी रेघ, झाला माणूस. "हात सैल सोडा. स्नायू विसरा. भार कुठल्या पायावर आहे तेवढं बघा," म्हणायच्या, आणि मिनिटभरात पान उलटायला लावायच्या. उस्तादांनी नाक मुरडलं. बालवाडीतली पोरं याहून बरं काढतात. जन्मभर माणसं घडवली आणि आता बटाटे काढायचे?

शेजारी बसायचा त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बायकोने डोकं खाल्लं म्हणून त्याला रंगकामाला चिकटवलेला. पुतळ्यांच्या भुवया रंगवायचा, त्याही एक वर एक खाली. कामाच्या नावाने बोंब, पण इथे मात्र साहेब कागदांवर कागद खरडत होते.

"भावजी, तुमचा अजून गुडघाच चाललाय?"

"गुडघ्यात काय काय असतं ते ठाऊक आहे का तुला? तू आपले बटाटे सोल."

घरी त्यांनी बायकोला वळून उभं केलं आणि हलायची बंदी घातली. भाजी करपली तशी ती चित्र अर्धवट टाकून निघून गेली. जिवंत माणसाला शिस्त म्हणून नाही. मग उस्तादांनी नामी युक्ती काढली. गोदामातला आपलाच एक पुतळा समोर घेतला आणि निवांत, बरगडी न् बरगडी उतरवली. पुतळा काही तक्रार करत नव्हता. तो पोटरीत खुपसलेल्या लोखंडी दांडीवर उभा होता, पण दांडी चित्रात कोण काढतो? तीही त्यांनी गाळली.

निवडीच्या दिवशी चित्रं भिंतीला लागली. उस्तादांचं बघून मालक हरखला. त्याने माल न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला बोलावलं. "असा उभा राहा बघू."

टेम्पोवाल्याने पाय जुळवले, कंबर तिरकी केली, खांदे मागे टाकले आणि सरळ काथ्याच्या ढिगात जाऊन पडला. दुसऱ्यांदाही पडला.

"माणसालाही दांडी लावावी लागेल, उस्ताद," मालक म्हणाला. कारखाना खदखदा हसला. उस्तादांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

मग मेहुण्याचा कागद. त्यावर जेमतेम पाच रेघा. एका टाचेवर सगळा भार, पोट पुढे, हात पाठीमागे, मान अशी मागे की समोरच्याला नाकपुड्याच दिसाव्यात. या वेळी मालकाने कुणाला उभं राहायला सांगितलं नाही. गरजच पडली नाही. सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथे उस्ताद तस्सेच उभे होते.

त्यांनी पाठीमागचे हात घाईघाईने पुढे घेतले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"हाच नमुना," मालक म्हणाला. "पुढचेही तुमचा मेहुणाच ठरवेल. घडवायचा मात्र तुम्ही. तो हात दुसऱ्या कुणाला नाही."

उस्तादांनी घडवला. दात-ओठ खात घडवला, आणि तो दांडीवाचून उभा राहिला.

भावाचं कौतुक ऐकून बायको कारखान्यात आली. पुतळ्याला अजून डोकं बसवलं नव्हतं. ती समोर जाऊन थबकली आणि तिने सवयीने पदर सारखा केला.

"कसा वाटतो?" उस्तादांनी विचारलं.

"तुम्हीच की," ती म्हणाली. "मी ताट वाढून आणते तेव्हा असेच उभे असता. मला वाटायचं, स्वयंपाकात काही चुकलं."