जुना निरोप

"चूक तुमच्या भावाचीच आहे, ताई," साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखाली भावाची दोन बोटं गेली होती, आता नोकरीही जाणार होती. कारखान्याची इलेक्ट्रिशियन असलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चला प्रेसपाशी!"

प्रेसला स्वतःचे डोळे नव्हते. हात आत जाऊ नये म्हणून पुढे बसवलेली जाळी बंद असल्याचा निरोप शेजारच्या कंट्रोलरकडून तारेतून आला, तरच प्रेस चालायचा. अपघाताच्या दिवशी ती तार सैल झाली होती. ताईने आज सगळ्यांदेखत चालू प्रेसची तीच तार उपटली आणि जाळी सताड उघडली. प्रेस धाडधाड चालतच राहिला.

प्रेसचा प्रोग्राम लिहिणारा प्रोग्रामर चाचरला, "शेवटचा निरोप जाळी बंद असल्याचा होता ना, तोच धरून बसलाय तो."

"निरोप यायचा थांबला की आपणही थांबायचं, एवढं लिहायला काय धाड भरली होती?" ताई कडाडली. "आणि साहेब, चूक भावाचीच ना? मग घाला हात आत!"

साहेबांनी दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले.

"तर मग दुसरा अहवाल लिहा," ताई म्हणाली. "मी इथेच उभी आहे."