आईचं नाव सगळ्यात वर

आई जाऊन तीन आठवडे झाले होते. रविवारी नेवाशात तिची स्मरणसभा होती आणि तिथं तिच्याच आवाजातली ओवी लावीन, असं मी पप्पांना कबूल करून बसले होते.

चर्चच्या मंडळीतल्या चाळीस बायकांच्या जात्यावरच्या ओव्या तिथल्याच जॉन नावाच्या पोरानं गेल्या वर्षी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. पुढं त्याचा मोबाईल विहिरीत पडला. उरल्या त्या माझ्या लॅपटॉपवरच्या फायली, नुसत्या नंबरांच्या. नावांची यादी वेगळी. दोन्हीकडं मी आईला सगळ्यात वर घेतलं. एवढा लाड मला परवडणारा होता.

मी कॉम्प्युटर क्लास चालवते. हातानं चाळीस नावं टाकणं म्हणजे माझ्या अकलेचा अपमान. एका कमांडला दोन्ही याद्या दिल्या, एका वेळी चार कामं कर म्हटलं. या याद्या जोडीजोडीनं घे, हे सांगायला एक अधिकचं चिन्ह लागतं. पोरांना मी ते दर बॅचला बजावते. स्वतः विसरले. मग कमांडनं प्रत्येक फाईल प्रत्येक नावाला लावायला घेतली. पहिलं नाव आईचं. एकेक फाईल त्याच नावावर जाऊन बसली, पुढच्या नावांना काही उरलंच नाही, आणि दर नवी फाईल आधीची पुसत गेली.

दोन सेकंदांत काम झालं. फोल्डरमध्ये एकच फाईल होती, ‘मरिया’. लावली, तर आवाज यादीतल्या शेवटच्या झुंबरबाईचा.

मला रडू आलं नाही. दफनाच्या दिवशीही आलं नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. चहा ठेवला, तो उतू गेला, ओटा पुसला.

पप्पा दारात उभे होते. “ही झुंबर हाय,” ते म्हणाले.

“हो. आईची पुसली गेली, पप्पा. माझ्याच हातानं.”

“परत न्हाई यायची?”

“नाही.”

त्यांनी ओवी शेवटपर्यंत ऐकली. “मग झुंबरलाच बोलव. ती तरी जिती हाय. मरियाची ओवी म्हनंल ती.”

मी झुंबरबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

“म्हनते की गं, प्रार्थना पोरी. आमाला एकमेकींच्या समद्या पाठ हायेत. मरियानं त्यात कंची म्हन्ली हुती?”

मला ठाऊक नव्हतं. आई होती तेव्हा ऐकायचं राहून गेलं आणि ती गेल्यावर एकटीनं ऐकायचा धीर होत नव्हता, म्हणून ती फाईल मी कधी उघडलीच नव्हती.